प्रमिलाआत्या आणि उडणारं चाक

महेशचा फोन आला तेव्हा माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीवर एक आजोबा तोंड उघडून बसले होते आणि त्यांची दाढ अर्धी सुटलेली होती. महेश एवढंच म्हणाला, "आशू, आई गेली. झोपेतच." मी "येते" म्हणाले आणि दाढ पूर्ण काढली. अर्धवट सोडून जाता येणार नव्हतं. आजोबांना कापूस चावून धरायला सांगितला, दिवसभर काय खायचं, काय नाही तेही सांगितलं. मग हात धुवायला गेले, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की नळ नुसताच वाहतोय… त्याला आता सात आठवडे झाले.

प्रमिलाआत्या म्हणजे महेशची आई, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन नाशकात आली आणि अंबडच्या एका कारखान्यात रबर साच्यात दाबणाऱ्या प्रेसवर कामाला लागली. तीसेक वर्षं तिने गाड्यांचे बुश केले. बुश म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या सांध्यात बसवलेली रबराची जाड बांगडी. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून तिने अंबडलाच एक गाळा भाड्याने घेतला, जुना प्रेस आणून बसवला आणि पिंपळगावकडच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांसाठी रबरी भाग करून द्यायला लागली. कुठेही रबर दिसलं की ती आधी नखाने दाबून बघायची. कुकरची रिंग, चपलेचा तळ, माझ्या दवाखान्यातले हातमोजे… काही सुटत नसे.

मी चार वर्षांपूर्वी एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. घरात कुणालाच ते पटलं नाही. त्यातून मी ती ड्रॅग रेसला न्यायला लागले, म्हणजे एखाद्या रिकाम्या धावपट्टीवर जागच्या जागी उभी असलेली गाडी हिरवा दिवा लागताच सरळ रेषेत जमेल तितक्या जोरात पळवायची. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. क्लच सोडला, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागची चाकं जागीच उड्या मारायला लागली. थड थड थड थड… पाठीमागे कुणी घण घालतंय असं वाटलं. मी हट्टाने ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवला, तेव्हा खालून एक मोठा आवाज आला आणि गाडी थांबली. चाक फिरवणारा दांडा तुटला होता. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमधले सलीमभाई गाडीखालून बाहेर येत म्हणाले, "ताई, ही तुमची दात काढायची घाई हाय. जरा हळू काढा ना गाडी." हळू काढली की चाकं उडत नसत, पण मग शर्यत कसली!

दिवाळीच्या फराळाला हे सगळं मी गंमत म्हणून सांगत होते. बाकीचे हसले. आत्याने चकली खाली ठेवली. "उडतं म्हणजे काय होतं? आधी घसरतं की आधी उडतं?"

"मला काय माहीत? मी आत बसलेली असते."

"सेकंदाला किती वेळा?"

"आत्या, तेव्हा मोजायला कुणाला सुचतं?"

तिने महेशच्या मुलीचं खोडरबर मागून घेतलं, टेबलावर उभं दाबून धरलं आणि पुढे ढकललं. खोडरबर सरळ गेलं नाही. अडकलं, वाकलं, सुटलं, पुन्हा अडकलं… टेबलावर टकटक करत उड्या मारत गेलं. तिने ते पाच-सहा वेळा केलं. मग स्वतःशीच म्हणाली, "टायर जमीन धरतं, तेव्हा बुश पिळला जातो. टायर सुटलं की बुश उलगडतो आणि त्याला मागे झटका देतो. असं असणार." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तीस वर्षं बुश केले गं मी. एकही गाडीखाली काम करताना बघितला नाही."

तिने माझ्या गाडीसाठी नवे, कडक बुश करून दिले. सलीमभाईंनी ते बसवले. त्र्यंबक रोडवर गाडी नेली तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला दाढेत कळला. आणि धावपट्टीवर? चाकं उडालीच. आधी थड थड होतं, आता टर्रर्र झालं. मी हिरमुसून फोन केला. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती पलीकडून जवळजवळ ओरडलीच, "म्हणजे बदललं ना! कडक केल्यावर उड्या भराभर झाल्या. मग बुशचा संबंध आहेच. पण एकट्या बुशचा नाही… आता मला बघायचंच आहे."

म्हणून पुढच्या वेळी ती बरोबर आली. साडी, पायात बूट, डोक्याला रुमाल. एका फेरीला माझ्या शेजारीही बसली. सलीमभाईंनी मोबाइल चाकाकडे तोंड करून गाडीला बाहेरून पक्का बांधला होता. चित्र अगदी संथ करून आम्ही तिघांनी एका टेम्पोच्या सावलीत बसून बघितलं. मला नुसतं थरथरणारं चाक दिसत होतं. आत्या दोन्ही बाजूंची चित्रं पुन्हा पुन्हा लावत होती. "डावं आधी उडतंय. उजवं त्याच्या मागून. सलीम, डावीकडचा शॉकअप काढ."

"मावशी, दोन्ही एकाच वेळी टाकलेत मी."

"मग काढून दाखव, मी चुकते का ते."

शॉकअप काढला. हाताने दाबला तर तो सायकलच्या पंपासारखा सहज आत गेला आणि तितकाच सहज बाहेर आला. आतलं तेल कधीच गळून गेलं होतं. एकदा उडालेल्या चाकाला थोपवायला तिथे कुणी नव्हतंच. सलीमभाईंनी कानाला हात लावला. आत्या मात्र माझ्याकडे वळली. "आता तुझं. मी मघाशी शेजारी बसून रस्ता नाही बघितला, तुझे पाय बघितले. तू क्लच सोडत नाहीस, टाकून देतेस. आणि चाक उडायला लागलं की पाय काढायचा. तिथे हट्ट करायचा नाही."

नवे शॉकअप आले. तिने बुश जरा मऊ करून पुन्हा दिले. मागच्या टायरमधली हवा दर खेपेला थोडी कमीजास्त करून आम्ही तीन रविवार घालवले. उन्हात ती लवकर दमायची, बोलताना मध्येच थांबायची. मी विचारलं की म्हणायची, "वय झालं."

चौथ्या रविवारी सकाळी गाडी सुटली. क्लच पायाने धरून हळूच वर येऊ दिला, मागची बाजू किंचित बसली, आणि गाडी जमीन न सोडता सरळ निघून गेली. एकही उडी नाही! परत आले तेव्हा आत्या धावपट्टीच्या कडेला गुडघ्यांवर बसून डांबरावरचे टायरचे वळ बोटाने चाचपत होती. आधीचे वळ तुटक तुटक होते, हे दोन सलग. तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलली एवढंच, "बघ, जमीन कशी धरून ठेवली टायरने."

त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं, हे मला त्या दिवशी अंत्ययात्रेत कळलं. महेशनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. "ती म्हणाली, आशूची गाडी एकदा नीट सुटू दे, मग करू. तारीखही घेतली होती." त्या तीन रविवारांचं ऊन माझ्या अंगावर आलं… मी डॉक्टर आहे, माझ्या शेजारी बसून ती धापा टाकत होती, आणि मी टायरची हवा मोजत होते. महेश पुढचे काही आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मागच्या शनिवारी त्याचा फोन आला. गाळा रिकामा करून द्यायचा होता, मदतीला ये म्हणाला. दुपारी आम्ही साचे पोत्यांत भरले, प्रेसवरची धूळ पुसली. बाहेर एक ट्रक आवाज करत उभा होता म्हणून महेशने शटर आतून खाली ओढलं आणि दिवा लावला. शटरची आतली बाजू खडूच्या अक्षरांनी भरलेली होती. दिवसा शटर वर गुंडाळलेलं असायचं, त्यामुळे ते कुणाला कधी दिसलंच नव्हतं. तिचं मोठं, शाळकरी अक्षर. 'पावसात ट्रॉलीचा बुश ओरडतो, उन्हात नाही. का?' 'काळं रबर पांढऱ्यापेक्षा जास्त का टिकतं?' काही प्रश्नांपुढे उत्तरं होती, काही खोडलेली होती. सगळ्यांत खाली, ताज्या खडूने लिहिलं होतं, 'आशूची गाडी सरळ सुटली तेव्हा इंजिनचा आवाज जाड झाला. का?' त्यापुढची जागा मोकळी होती.

मी हे ऐकलंच नव्हतं. आत बसूनही नाही.

महेशने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. हातातलं फडकं त्याने बाजूला ठेवलं. मग एक रिकामं पोतं जमिनीवर पसरून त्यावर बसला, मला शेजारी जागा केली आणि म्हणाला, "आधी कसा होता आवाज? मला पहिल्यापासून सांग."