एक तारखेनंतरची फायनल

हैदराबाद राज्य फुटलं त्या साली आमच्या टीमनं देशाचा कप जिंकला. मी त्या टीमचा डावा फुलबॅक. फायनल मी खेळलो नाही. का खेळलो नाही ते लिहितो. घरात मराठी वाचणारं आता कोणी उरलं नाही, तेव्हा काही गाळायचं कारण नाही.

माझं शिक्षण चार जमाती, म्हणजे चौथीपर्यंत, तेही उर्दूत. मराठी अक्षरं मी मोठेपणी अफझलगंजच्या लायब्ररीत पेपरावर बोट ठेवून शिकलो. कुणाला विचारलं नाही. अडलं तर पुढं जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. म्हणून माझ्या लिहिण्यात चुका असतील. असू देत.

आमचं खातं तामीरातचं, म्हणजे रस्ते-इमारतींचं. मोठ्या साहेबांना फुटबॉलचा नाद होता, पण हैदराबादच्या हापिसात जागा कुठल्या? मग ते काय करायचे, एखादा पोरगा बरा खेळतो असं कळलं की कुठल्यातरी जिल्ह्याच्या हापिसात रिकामी जागा बघायची, तिच्यावर त्याचं नाव चढवायचं आणि माणूस ठेवायचा इथं मैदानावर. अर्धी टीम अशीच होती. माझं नाव नांदेडच्या हापिसात चपराशी म्हणून होतं. ते हापिस मी पाहिलंसुद्धा नव्हतं. माझं गाव त्या जिल्ह्यातलं, म्हणून नांदेड. बाकी मी नऊ वर्षांचा असताना बापानं मला हैदराबादेत काचीगुड्याला आणलं, तेव्हापासून मी इथलाच. सकाळी स्टोअरमध्ये डांबराची पिपं लोटायची, तीन वाजले की मैदान.

आम्हाला शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. उजवा फुलबॅक चंचलगुड्याचा होता, माझा जोडीदार. उस्तादांनी आमच्या दोघांच्या कमरेला एक दोरी बांधली होती, बारा हात लांब. तो पुढं गेला की मी पुढं, तो वळला की मी वळायचं. दोरी ताणली तरी चूक, जमिनीला लागली तरी चूक. सहा महिने तसं पळालो. बघणारे हसायचे. म्हणायचे, बैलं सुटली बघा तामीरातची. पुढं दोरी काढली तरी न बघता मला कळायचं तो कुठं आहे ते.

त्या पावसाळ्यात कागद आला. राज्याचे तीन तुकडे होणार, तेलुगू इकडं, मराठी मुंबईकडं, कानडी तिकडं, हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर विचारलं होतं की तुम्हाला कुठल्या राज्यात नोकरी पाहिजे. उर्दूत होतं, मी स्वतः वाचलं. खाली छापलं होतं, मला हैदराबादेत राहू द्यावं अशी माझी नम्र विनंती आहे, आणि पुढं सहीला जागा.

ती ओळ मला लागली. जिथं माझं घर, जिथं बाप जाळला, तिथं राहायला मी विनंती करू? मी कागदाची घडी केली आणि आढ्याच्या फटीत खोचून टाकला.

नुसती ऐट नव्हती. माझा हिशेबही होता. आमच्या खात्यात ज्याच्याबद्दल कुणी कागद लिहीत नाही ते जिथल्या तिथं राहतं. स्टोअरच्या दारात एक मोडका रोलर होता. कुणी लिहिलं नाही, म्हणून अकरा वर्षं तो तिथंच होता, त्याच्यातून पिंपळ उगवला होता. मला वाटलं, मीही लिहिलं नाही तर राहीन.

बायको म्हणाली, "कागद भरलाव का?"

"बघू."

"बघू काय? नांदेडला जायचं असंल तर तसं म्हणा. माझं माहेर तिकडंच हाय, मी आजच्या आज बोचकं बांधते. ऱ्हायचं असंल तर सही करा. पण हे असं गप बसू नका."

मी बूट काखेत मारून मैदानावर गेलो.

मुदतीच्या आदल्या दिवशी जोडीदार मैदानावर बूट घालता घालता म्हणाला, "क्या मियाँ, कागज डाले कि नहीं?"

"नहीं."

"कायकू? लिखना नहीं आता तो लाओ, मैं लिख देतूँ."

त्यानं चांगल्या मनानं म्हटलं. पण आजूबाजूला चारजण बसले होते, आणि त्यातला एक हसला. मी म्हटलं, "लिखना आता मेरेकू."

"तो फिर?"

"नक्को लिखना, बस."

"अजीब घोडा है यार तू," तो म्हणाला आणि नाडी बांधायला लागला. मुदत गेली. काही झालं नाही. मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो?

कप मुंबईत व्हायचा. ऑक्टोबरात आम्ही काचीगुड्याहून लहान गाडीनं मनमाडला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला गेलो. एका शाळेच्या वर्गात उतरलो होतो, बाकं जोडून झोपायचो. हरला की घरी, असा कप. पहिल्या मॅचला आम्ही तीन गोल केले. दुसऱ्या मॅचला चिखल होता, एकच गोल झाला, तोही कॉर्नरवरून. तिसऱ्या मॅचला समोर नाव असलेली टीम होती, पेपरवाल्यांनी आम्हाला आधीच घरी धाडलं होतं. आम्ही दोन-एकनं जिंकलो. उस्ताद फक्त म्हणाले, "पानी पी लो."

मग सेमीफायनल. तेव्हा बरोबरी झाली तर मॅच परत खेळवायचे, आता पेनल्टी मारून निकाल लावतात तसं नव्हतं. त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळलो. हे दुसऱ्या कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. त्यांचा उजवीकडचा खेळणारा मुंबईत मशहूर होता. त्याला मी नव्वद मिनिटांत एकदाही आत येऊ दिलं नाही. शेवटाला तो बिचारा दुसऱ्या बाजूला खेळायला गेला. पण आमच्या पुढच्यांनाही गोल जमला नाही. शून्य-शून्य. मॅच तीन दिवसांनी परत. परतच्या मॅचलाही शून्य-शून्य. लोक मैदानात येऊन माझी पाठ थोपटत होते. तिसऱ्यांदा खेळलो तेव्हा कुठं एक गोल झाला आणि आम्ही फायनलला गेलो.

या सगळ्यात फायनल आठ दिवस पुढं गेली. ऑक्टोबर संपला. नोव्हेंबरच्या एक तारखेला हैदराबाद राज्य राहिलं नाही. आम्ही त्या दिवशी शाळेच्या अंगणात कपडे वाळत घातले होते. फायनल तीन तारखेला.

दोन तारखेला दुपारी उस्तादांनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांच्या हातात खात्याचं पत्र होतं. ज्यांनी कागद भरला नाही ते आपल्या जागेबरोबर जातील, असं ठरलं होतं. माझी जागा नांदेडची. नांदेड एक तारखेपासून मुंबई राज्यात. म्हणजे मी आता आमच्या खात्याचा माणूस नव्हतो, आणि कपात खात्याच्या टीमला खात्याचीच माणसं चालायची.

"सामनेवाले एतराज करे तो कप वापस लेंगे," उस्ताद म्हणाले.

"ठीक है."

"कागज क्यूँ नहीं भरे बेटा? सब भर दिए. तुम्हारे जैसे चार और थे, वो भी भर दिए."

काय सांगणार? रोलरचं सांगू? मी म्हटलं, "रह गया."

त्यांनी पत्र खिशात घातलं. मग म्हणाले, "कल बाहर बैठो."

मला वाटलं आता काहीतरी होईल आत. रडू येईल, राग येईल. काही आलं नाही. मी अंगणात जाऊन माझी जर्सी काढली, वाळली होती, घडी केली आणि माझ्या जागी खेळणार होता त्याला दिली. त्याला ती ढगळ झाली.

फायनल मी बाकावर बसून पाहिली, साध्या कपड्यांत. पाहिली म्हणजे डोळे उघडे होते. लोक ओरडत होते ते लांबून आल्यासारखं वाटायचं. एवढं आठवतं की पहिली पंधरा मिनिटं जोडीदार सारखा डावीकडं बघत होता, आणि तेवढ्यात दोनदा त्याच्या मागून माणूस निघून गेला. मग त्याचं गणित बसलं. आम्ही एक गोल केला आणि तो राखला. बाकावरची सगळी माणसं उठून धावली. मी पाण्याच्या बादलीजवळ उभा राहिलो. फोटोला मला बोलावलं. "आ जाओ मियाँ, कौन पूछता फोटो में!" मी गेलो नाही. मी संडासात जाऊन दार लावून उभा राहिलो, बाहेर गडबड थांबेपर्यंत.

परतीच्या गाडीत मनमाडपासून दर स्टेशनवर कुणीतरी हार घेऊन यायचं. कप मधल्या बाकावर ठेवला होता, त्याच्यात कुणी शेंगा टाकल्या होत्या. परभणी गेल्यावर उस्ताद माझ्याशेजारी येऊन बसले.

"सुनो. हैदराबाद जाके सीधा बड़े साहब के पास जाओ. दो लाइन की दरख्वास्त लिखो, गलती हो गई करके. मैं साथ आतूँ. आठ दिन में काम हो जाता."

"गलती नहीं हुई उस्ताद."

"तो क्या हुआ?"

तेवढ्यात नांदेड आलं, दुपारचे चार वाजले असतील. हुकमाप्रमाणं मी तिथं उतरून हजर व्हायचं होतं. जोडीदारानं माझी पत्र्याची पेटी वरून काढली आणि दारापाशी नेऊन ठेवली. "उतरना है तो उतर, नहीं तो साहब के पास चल. कुछ तो कर यार." सगळी टीम बघत होती. मी उठलो, पेटी उचलली आणि परत वर ठेवली. बसलो. गाडी सुटली. तो उठून दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसला.

घरी बायकोनं पाटावर ताट ठेवलं. माझं जेवण झालं. मग म्हणाली, "साहेबाकडं कवा जाणार?"

"जाणार नाही."

"मग नांदेडला?"

"तिकडंबी नाही."

"मग खायचं काय?" ती म्हणाली. "तुमची ताठ मान?"

तिनं ताट उचललं. तिचं चूक नव्हतं. दरख्वास्त लिहिली असती तर काम झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढच्या वर्षी त्याच कपाला टीम परत गेली, कागद भरलेले ते चौघंही खेळले. मी कागदाला हात लावला असता तर मीही असतो. हात लावला नाही. आज मागं बघून मी शहाणा होतो असं म्हणत नाही, आणि चुकलो असंही म्हणणार नाही.

आठव्या दिवशी मी अफझलगंजला एका धान्याच्या दुकानात गेलो. हमालाची जागा होती. मालकानं मला वरून खाली बघितलं.

"तुम वो कप वाली टीम के हैं ना? पेपर में देखा."

"था."

"भाई, टीमवाले लोगां छुट्टी बहुत माँगते. आज मॅच, कल मॅच. मेरेकू परवडता नहीं."

"नहीं माँगता," मी म्हटलं.

त्यानं पोत्याकडं बोट केलं. मी पाठीवर घेतलं, आतल्या थप्पीवर नेऊन टाकलं आणि दुसऱ्यासाठी परत आलो. तिथं मी सव्वीस वर्षं काम केलं. आमची टीम पुढं कितीदा मुंबईला गेली, कितीदा इथल्या मैदानावर खेळली, दुकानातली पोरं शटर अर्धं ओढून मॅचला पळायची. मी सुट्टी मागितली नाही.