दिवसा आडवी पडलेली पोरगी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला की मला नेमकं कमी ऐकू यायचं. डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत.

माझी नात हॉकी खेळायची. बारामतीच्या मैदानावर एक सराव, आणि कऱ्हाटीला घरी आल्यावर दुसरा; तो जमिनीवर बसून करायचा. लाटण्यासारखं एक जाडजूड रबरी नळकांडं घेऊन ती त्यावर मांड्या घोळवायची. मी म्हणायचो, चपात्या झाल्या असतील तर वाढ. मग रसवंतीवरून आणलेला बर्फ टबातल्या पाण्यात टाकून त्यात पाय बुडवून बसायची. आमच्या घरात बर्फ यायचा तो लग्नातल्या मठ्ठ्यासाठी. दमलेलं अंग पुन्हा खेळण्याजोगं करणं हाही सरावच असतो, असं तिचे सर सांगायचे. मी हॉकीची स्टिक कधी हातात धरली नव्हती, त्यामुळे त्या खेळातलं मला सगळंच कळत होतं.

राज्याच्या संघाची निवड पुण्याला होती. आदल्या दिवशी सरांनी तिला पूर्ण विश्रांती सांगितलेली. दुपारी ती पडवीत पाय भिंतीला वर लावून पडली होती. त्याच दिवशी आमच्या डाळिंबाची तोडणी चालू होती आणि ती बघायला सुप्याहून माझा चुलतभाऊ आला होता. त्यानं पडवीत डोकावलं.

"पोरगी आजारी हाय काय?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग दिवसा आडवी का?"

शेतकऱ्याच्या घरात दिवसा आडवं पडायला ताप तरी लागतो, नाहीतर मिशी. मी स्वतः रोज जेवणानंतर तासभर घोरतो, पण ते वेगळं. त्याला वामकुक्षी म्हणतात. भावापुढं घराची अब्रू वाचवणं भाग होतं. मी तिला उठवलं आणि भरलेली क्रेटं टेम्पोत चढवायला सांगितलं. मजूर होते, टेम्पोवाल्यालाही घाई नव्हती. तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

"आबा, उद्या निवड हाय. आज वजन उचलायचं न्हाय," ती हळू म्हणाली.

"डाळिंबानं कुणाचे पाय मोडल्यात?"

भाऊ हसला. ती उठली. क्रेट वर देताना तिच्या मांडीच्या मागं काहीतरी तटकन ताणलं, आणि ती टेम्पोच्या चाकाला धरून खाली बसली. तिनं बर्फ मागितला. मी कढत तेल आणवलं, सूनबाईला मांडी चांगली रगडायला लावली आणि वर पोरीला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. उपचारातही मी कुठं कमी पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्यात ती पहिल्याच धावेत लंगडली. सरांनी विचारलं, काय करून ठेवलंस? मी शेजारीच उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि न्हाणीत पाय घसरला म्हणाली. मी मान डोलावली. एवढा पिकल्या केसांचा माणूस मान डोलावतोय म्हटल्यावर सरांना पटलं. निवडीच्या आदल्या दिवशी जिला स्वतःला सांभाळता येत नाही अशी पोरगी, हा शिक्का तिच्यावर बसला. गावात मी त्यात माझी भर घातली: ऐनवेळी घाबरली. पुन्हा तिला कोणी निवडीला बोलावलं नाही.

आता ती इंदापूरला एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या महिन्यात मी मुद्दाम एसटीनं तिच्याकडं गेलो. बारामती सोडल्यापासून एकच बोलणं पुटपुटत होतो. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडं बसला. तिनं शाळा दाखवली, घरी नेऊन चहा दिला, गोळ्या वेळेवर घेता का विचारलं. परतताना स्टँडवर सोडायला आली.

"आबा, एवढं लांब आलाय. काय बोलायचं व्हतं का?"

"व्हय. तुझ्या शाळंच्या मैदानाला सावली न्हाय. कडंनं दोन कडूलिंबाची झाडं लाव."

लावते, म्हणाली. तेवढ्यात गाडी लागली आणि मी लगबगीनं चढलो. जागा धरायची होती ना. गाडी निम्मी रिकामी होती.

बोलायचं होतं ते एवढंच: पोरी, तू घसरली न्हाईस आन् घाबरलीबी न्हाईस. तुला मी उठवलं. माझं चुकलं.