ओमांच्या कॅलेंडरवरची मुलगी

बाडहूव्हडॉर्प या डच गावातल्या ज्या घरात मी वरची खोली भाड्याने घेतली होती, तिथल्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. इथे पुष्कळ घरांत ते तिथेच असतं. त्यावर वार नसतात, साल नसतं. नुसत्या तारखा आणि माणसं. घरमालकीणबाईंना ऐंशीवं लागणार होतं. त्यांच्या नातवंडांसारखी मीही त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणायचे.

लॉकडाऊनमध्ये विद्यापीठ बंद झालं, शेजारच्या विमानतळावरची विमानं जमिनीवर बसली आणि ओमांनी मला कामाला लावलं. त्यांची आई क्वेबेकची, फ्रेंच बोलणाऱ्या शेतकरी घरातली. डच माणसाशी लग्न करून ती इकडे आली. ओमांना तिची आई, मग तिची आई, असं बायकांच्याच बाजूने मागे जायचं होतं. वाढदिवसाला सगळे नातेवाईक स्क्रीनवर जमणार, तेव्हा त्यांना ते दाखवायचं होतं. तिथल्या चर्चची जुनी दप्तरं इंटरनेटवर होती आणि मला जुजबी फ्रेंच येत होतं.

वंशावळ म्हटली की माझं डोकं फिरतं. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढले. वडील ती लिहायचे, आई घड्या घालायची, मी चौकात वाटायचे. कुळाचा अभिमान किती विषारी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण ही बायकांची वंशावळ होती, म्हणून बसले.

अडीचशेहून जास्त वर्षं मागे एक विधवा सापडली, ओमांची थेट पूर्वज. तिच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीच्या दफनाचीही नोंद होती. मुलीच्या नावानंतर बापाचं नाव नव्हतं, त्या विधवेचं होतं. मधला एक शब्द मला लागेना, तो मी सोडून दिला.

धावत खाली आले. "ओमा, त्या काळात तिने मुलीला स्वतःचं नाव लावलं. बापाचं नाही. आमच्याकडे अजून यासाठी भांडावं लागतं."

"कॉफी निवतेय तुझी. मोर्चा नंतर काढ," ओमा म्हणाल्या. पण डोळे पुसत होत्या. त्यांनी कॅलेंडरवर दफनाच्या तारखेसमोर मुलीचं नाव लिहिलं आणि त्याखाली, अमकीची मुलगी. मग सगळ्या नातेवाइकांना कळवलं, माझ्या भाषणासकट.

खात्री करायची म्हणून मी ती नोंद क्वेबेकच्या एका निवृत्त शिक्षिकेला पाठवली होती. आठवड्याने उत्तर आलं. 'ती तिची मुलगी नव्हे. तुम्ही सोडलेला शब्द तिथे गुलाम केलेल्या मूळ रहिवाशांसाठी वापरत. पुढचं नाव मालकिणीचं आहे.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मालकीच्या शिक्क्याला मी आईचं नाव समजले होते, आणि वर भाषण ठोकलं होतं. ज्या चुकीसाठी मी दुसऱ्याला फाडून खाल्लं असतं, ती मी आनंदाने केली होती. तीन दिवस ओमांना टाळलं. संडासात मात्र त्या मुलीला टाळता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात, मास्क लावून, सांगून टाकलं.

ओमांनी विचारलं, "ती बाई तिला जेवायला तरी नीट घालत असेल ना?"

"दहाव्या वर्षी गेली, ओमा."

"तिची आई?"

"लिहिलेली नाही."

त्या भिंतीला धरून गेल्या, कॅलेंडर घेऊन आल्या आणि विधवेच्या नावावर इतक्या जोराने रेघ मारली की कागद फाटला. मुलीचं नाव राहू दिलं.

"रविवारी सगळ्यांना सांगायचं."

"वाढदिवस आहे तुमचा. नंतर सांगू," मी म्हटलं. हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं यावर माझा विश्वास बसेना.

"भाषण तू दिलंस. आता हेही तूच सांग. मी शेजारी बसते."

रविवारी स्क्रीनवर कागदी टोप्या घातलेली नऊ माणसं होती. गाणं म्हणून झालं. ओमांनी फाटकं पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

"मी चुकले," मी म्हटलं. "ही मुलगी तुमच्या घरात होती, पण तुमची नव्हती. तिला गुलाम करून ठेवलं होतं."

"आई, आजच कशाला हे?" ओमांचा मुलगा म्हणाला.

"मग कधी?" ओमा म्हणाल्या, आणि पान तसंच धरून बसल्या.