नवखारची उघाडी

जयराम घरत नवखारचा सरपंच नाही. ही गोष्ट गावात त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

सरपंच आहे त्याची बायको, कमळी. गेल्या निवडणुकीत पद बाईला राखीव झालं, तेव्हा जयरामने घरातल्या घरात चाचपणी केली आणि एकमेव इच्छुक बाईला उभं केलं. ती इच्छुक आहे हे तिला नंतर कळलं. निवडून ती आली, पण कडक पांढरा शर्ट तो घालू लागला. कुणी दारात येऊन "सरपंच आहेत का?" म्हटलं की तो खुर्चीतून "बोला" म्हणतो. मग आतून कमळीचा आवाज येतो, "ते नुस्तं बोलायला हायत. काम असंल तर आत या."

तरीही जयरामकडे एक पद खरोखर त्याच्या हक्काचं आहे. कामणच्या पलीकडे खाडीला पाठ लावून बसलेल्या नवखारची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात लाकडी फळ्यांचं दार. या दाराला गाव उघाडी म्हणतं. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती लागायच्या आत लावायची, नाहीतर खाडी शेतात येते, आणि एकदा खारं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात धरत नाही. जयरामचा बाप हे दार सांभाळायचा, आता जयराम सांभाळतो. लग्न असो, बारावं असो, ग्रामसभा असो, तो मध्येच ताडकन उठतो, "पानी आलं!" म्हणतो आणि पळत सुटतो. स्वतःच्या हळदीतूनही तो असाच गेला होता. परत आला तेव्हा अंगावर हळद कमी आणि चिखल जास्त होता. फोटोवाल्याला फरक कळला नाही.

या दारावर राज्य सरकारच्या एका विधेयकाची नजर पडली. खारबांधावरचं कुठलंही दार उघडण्यापूर्वी किंवा लावण्यापूर्वी गावाने जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावा, प्राधिकरण सात दिवसांत निर्णय कळवील, असं त्यात म्हटलं होतं.

"सात दिसांत?" जयराम म्हणाला. "तवर भरतीला काय सांगू? बस, च्या घे?"

सुदैवाने विधेयक अजून आमदारांच्या समितीपुढे होतं. समिती पालघरला येऊन ग्रामपंचायतींचं म्हणणं ऐकून घेणार होती. म्हणणं लेखी द्यायचं होतं, आणि लिहिणं ग्रामसेवकाच्या गळ्यात पडलं.

ग्रामसेवक कौस्तुभ इनामदार साताऱ्याकडचा, नुकताच बदली होऊन आलेला, वसई रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि शुद्धलेखनाचा फार पक्का. जयरामने "पानी" सांगितलं की तो "पाणी" लिहायचा, "लोनी" सांगितलं की "लोणी". आल्यापासून तो गावाचे उच्चार असे मुकाट्याने दुरुस्त करत होता. जयरामने आपल्या ओटीवर येरझारा घालत "उघाडी" म्हटलं, तेव्हा त्याने तीच सेवा बजावली आणि "आघाडी" लिहिलं. कमळी 'खाडीकाठ ग्रामविकास आघाडी'च्या पॅनेलमधून निवडून आली होती, त्या पॅनेलचा फलक त्याच्या डोक्यावरच टांगलेला होता. मग शंका कशाला? मजकूर त्याला जरा जहाल वाटला, पण सरकारी माणसाने राजकारणात पडू नये म्हणून तो गप्प बसला.

"वाचू दे की," सही करताना कमळी म्हणाली.

"मी सांगितलाय ना. मग वाचायचं काय त्यात?"

सुनावणीच्या दिवशी जयरामचा शर्ट इतका कडक होता की त्याला खाली वाकता येत नव्हतं.

"नवखारचे सरपंच?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मी," जयराम म्हणाला.

"इथे सौ. कमळी जयराम घरत असं आहे."

"ती पन हाय."

अध्यक्षांनी निवेदन हातात घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'आमच्या गावात आघाडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. सध्या आघाडीची मधली फळी कुजलेली असून वरची फळी केवळ नावाला उरली आहे.'"

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते स्वतः एका आघाडीचे होते. वरच्या फळीतले.

"वाचा, वाचा," समोरच्या बाजूचे एक आमदार खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा कुठल्याच आघाडीशी संबंध नव्हता. "ग्रामीण भागाचा आवाज आहे."

"'आघाडीला भोके पडल्याने नुकसान गावाचे होते. आघाडी कधी बंद करायची हे जिल्ह्याने नव्हे, गावाने ठरवावे.' हे तुमचंच म्हणणं?"

"अक्षर न अक्षर," जयराम म्हणाला. "मी रोज बघतो, साहेब. चिखलात उतरल्याबिगर हे कलत नाय."

"फळी कुजली म्हणता. मग काय करायचं?"

"दर साली करतो तेच. जुनी काढायची, चुलीत घालायची."

समोरच्या आमदारांनी टेबलावर थाप मारली. "आणि नवी कुठून आणता?"

"कामनच्या वखारीतून. पन आताचा माल पोकल, साहेब. दोन पावसांत फुगतो."

"बाहेरचे कोणी येऊन त्रास देतात का?"

"खेकडे येतात. भोकं पाडतात नि पलतात."

"हे सगळं काढून टाका!" अध्यक्ष टिपण घेणाऱ्या बाबूवर कडाडले.

जयरामला वाटलं, उघाडीच काढून टाकायला सांगताहेत. त्याने हात जोडले. "काढू नका, साहेब! ती काढली तर आख्खा गाव बुडंल. कुजली तरी आमचीच हाय. तिच्यावरच तर आमी जगतो!"

अध्यक्षांचा चेहरा सैल झाला. समोरच्या आमदारांचा आखडला. नवखारचे मतदार नेमके कोणाचे, हे समितीत कोणालाच कळेना.

कमळीने एव्हाना टेबलावरचं निवेदन ओढून घेऊन वाचलं होतं.

"अवो, ह्ये काय लिवलंय? आघाडी नाय, साहेब, उघाडी! बांधाचं दार! पानी सोडायचं!"

"दार?" अध्यक्ष म्हणाले.

"दावते." तिने पाण्याचा भरलेला ग्लास उचलला. "ही खाडी. ते तुमचे कागद, ते आमचं शेत." आणि ग्लास टेबलावर आडवा केला.

पाणी विधेयकाच्या दिशेने निघालं. समिती पाहत राहिली.

"पानी आलं!" जयराम ताडकन उठला, शेजाऱ्याची प्लास्टिकची फाइल हिसकावली आणि पाणी व विधेयक यांच्यामध्ये उभी रोवली. पाणी फाइलला अडलं, वळलं आणि अध्यक्षांच्या मांडीवर गेलं. विधेयक कोरडं राहिलं.

कमळीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यांनी आता अर्ज केला काय, साहेब? नि केला असता, तर सात दिसांनी तुमचं काय राह्यलं असतं?"

अध्यक्ष रुमालाने पँट पुसत होते. त्यांनी पुसता पुसताच बाबूला सांगितलं, "कलम बदलायचं आहे असं लिहा. आणि उघाडीतला उ नीट काढा."

परतताना गाडीत सोबत आलेला कौस्तुभही होता. वसईला उतरताना म्हणाला, "भाऊ, तो शब्द कोशात नव्हता हो."

"आता कायद्यात येईल," जयराम म्हणाला. "तिथून उतरवून घे."

आणि खरंच आला. कायदा झाला, तेव्हा कौस्तुभने ते कलम पंचायतीच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं: "खारबांधावरील उघाडी उघडण्याचे व लावण्याचे अधिकार संबंधित गावच्या सरपंचास राहतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयरामने उपरणं उडवलं. कमळी टाळ्या न वाजवता त्याच्याकडे बघत होती. शेवटून दुसऱ्या शब्दाचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"म्हंजे मी?" त्याने हळूच कौस्तुभला विचारलं.

"नाही भाऊ. वहिनी. पण तोंडी परवानगी चालेल."

तेव्हापासून भरतीची वेळ झाली की जयराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. तव्यावर बोंबील चरचरत असतात.

"सरपंच, पानी येतंय. लावू?"

"अर्ज कुठाय?"

"कमले, थट्टा नको!"

"बघते. सात दिसांत कलवते."

तोवर तो मागच्या दाराने बांधाच्या वाटेला लागलेला असतो. कमळी बोंबील उलटते आणि मान वर न करता रिकाम्या दाराला सांगते, "मंजूर."