माडीवरची घरपट्टी

अमेरिकेतली लढाई संपली हे अमरावतीत आम्हाला कापसाच्या भावावरून कळलं. तिकडचा कापूस अडकल्यामुळे त्याआधीची काही वर्षं आमची गल्ली पहाटेपासून कापसाच्या गाड्यांनी भरलेली असायची. मुंबईच्या पेढ्यांचे गुमास्ते राहायला जागा मागत दारोदार फिरत. ज्याला जमेल तो घरावर माडी चढवत होता. शहराची कमिटी त्याच दिवसांत झाली. तिने घरपट्टी बसवली आणि माडीच्या घरांना ती चढी लावली. तेव्हा कोणी कुरकुरलं नाही. मग भाव कोसळले, गुमास्ते निघून गेले, माड्या ओस पडल्या. पट्टी मात्र होती तेवढीच राहिली.

माझे सासरे वकील होते आणि इंग्रज साहेबाने कमिटीवर नेमलेल्या पंचांपैकी एक. मी अकोल्याहून लग्न होऊन आले त्याला फार दिवस झाले नव्हते. शेजारी एक विधवा बाई राहायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणे. नवऱ्यामागे तिने रिद्धपूरकडचं शेत एकटीने सांभाळलं, तेजीत कापूस विकला आणि सागवानी खांबांची माडी बांधली. भाडेकरू गेल्यावर दुपारी ती मला तिथे बोलवी. खिडकीतून शहराभोवतीचा परकोट दिसे, वारा येई. सासरी मला मोकळं वाटे ते तिथेच.

एके सकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"वकीलसाहेब, माडीत आता कबुतरं राहून राहिली. त्याहिच्याजवळून पट्टी घेता का?"

सासरे हसले नाहीत. "पट्टी कमी केली तर रस्त्यावरचे कंदील कशाने लावायचे? नाल्या कोणी उपसायच्या?"

"मले ते काई समजत नाही. तुमी तिथं बसता, तर बोला ना."

"बोलतो," ते म्हणाले.

कमिटीच्या सभेहून ते आले. हातपाय धुऊन पानावर बसले, पण जेवणात लक्ष नव्हतं. साहेबाने तो विषय निघूच दिला नाही, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं.

"तुम्ही काढलात का?" सासूबाईंनी विचारलं.

ते उठून हात धुवायला गेले.

थोड्याच दिवसांनी शेजारी ठोकाठोक सुरू झाली. मी मागच्या दाराने पळत गेले. मावशीच्या अंगणात खिडक्यांच्या चौकटी काढून भिंतीला टेकवल्या होत्या आणि सुतार वर तुळया सोडवत होता.

"मावशी, का पाडता?"

"ठेवून काय करू? तुह्या सासऱ्याच्या कमिटीले पोसू?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "जाय घरी. ऊन लागंल."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. विहिरीवर मी गेले की घागर उचलून चालू लागायची. तिचं बघून पलीकडच्या गल्लीतही दोन घरांच्या माड्या उतरायला लागल्या. दिवसभर हातोड्यांचा आवाज यायचा. आमच्या घरात कोणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. सासरे पक्षकाराशी बोलता बोलता मध्येच उठून अंगणात जात, वर बघत, परत येऊन बसत आणि काय बोलणं चाललं होतं ते विसरत. माझे यजमान त्यांच्यावर चिडत. मला भाकरी थापताना हातोडा ऐकू आला की भाकरी फाटे. काहीतरी करावं असं सारखं वाटे आणि माझ्या हातात तर काहीच नव्हतं.

पुढच्या सभेला यजमान सासऱ्यांबरोबर गेले होते, म्हणून तिथे काय झालं ते मला कळलं. साहेब उठायच्या बेतात असताना सासरे उभे राहिले.

"साहेब, पुढच्या वर्षी या शहरात माडीच उरणार नाही. मग चढी पट्टी कशावर लावायची?"

साहेबाला ते खरं वाटेना. तेव्हा सासऱ्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत आणलं. घोडा कोपऱ्यावर ठेवून तो पायी फिरला. अंगणाअंगणातली लाकडं त्याने पाहिली. कोणी त्याच्यापुढे गाऱ्हाणं घातलं नाही. सुतारही वरून खाली बघत नुसता बसून राहिला.

मग दवंडी पिटली. सगळ्याच घरांची पट्टी उतरली आणि माडीसाठीचा चढा दर निघाला. लोक आमच्याकडे येऊन सासऱ्यांना हात जोडून गेले. मावशी आली ती दिवेलागणीला, सगळे गेल्यावर. तिची माडी तोवर अर्ध्याहून जास्त उतरली होती.

"आधीच्या सभेत बोलले असते तर?" तिने विचारलं.

सासरे ओसरीच्या पायरीपर्यंत खाली आले. "बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "धीर झाला नाही."

"आता पावसाच्या आधी खालच्या घरावर कवेलू चढले पाह्यजेत. सुतार दुसरीकडं चालला गेला."

सकाळी सासऱ्यांनी दोन माणसं बोलावली आणि स्वतःही धोतर खोचून तिच्या अंगणात गेले. शिडीपाशी उभं राहून ते छपराचं एकेक कवेलू वर देत होते. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. कोर्टात जाणारा माणूस असा मातीत उभा, सासूबाईंना ते पाहवेना. त्या आत निघून गेल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा मावशीने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाली, "बस इथं."

छप्पर झालं. माडी काही तिने पुन्हा बांधली नाही. मला त्या खिडक्यांची पुढे कितीतरी दिवस आठवण येई.

पट्टी उतरल्यावर कमिटीने एकाआड एक कंदील बंद केला. आमच्या दारासमोरचा त्यातलाच एक. पावसाळ्यात नाली तुंबली, वास सुटला. हात जोडून गेलेली माणसं आता सासऱ्यांना वाटेत अडवून विचारत, नाली कधी काढता? ते घरी येत, टोपी खुंटीला लावत आणि न बसता ओसरीवर फेऱ्या मारत. पुढच्या सभेत काय बोलायचं, ते मनाशी जुळवत.