खऱ्या वाक्यांची शिकवणी

आमच्या थोरल्या भाऊजींइतका खरं बोलणारा माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. भाऊजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. ते कोर्टात नकला करायच्या खात्यात कारकून होते. लोकांनी शपथेवर दिलेल्या खोट्या साक्षी त्यांनी जन्मभर सुंदर अक्षरात उतरवून काढल्या आणि निवृत्त झाल्यावर त्याचा सूड आमच्यावर उगवला. साक्षीदार असल्याशिवाय कुठली गोष्ट मानायची नाही आणि बोलायचीही नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मासे घेऊन येणारी बाई दारात म्हणाली, "बांगडे ताजे आहेत हो दादा," की भाऊजी विचारणार, "कधी काढले? कोणी पाहिलं?" शेवटी एकदा ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "ह्या बांगड्यालाच विचारा. तो होता तिथं." वाडीत कुणाच्या मुलीसाठी स्थळ आलं की मुलाकडची माणसं भाऊजींकडे चौकशीला येत. मुलगी स्वभावानं कशी आहे, असं विचारलं तर भाऊजी म्हणत, "मी तिला रोज पाण्याला जाताना बघतो. पाणी सांडत नाही. ह्यापुढचं मला ठाऊक नाही." अशानं दोन स्थळं गेली. माझ्या जाऊबाई तर म्हणायच्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तू मला आवडतेस असं ह्या माणसानं एकदा म्हटलं नाही. साक्षीदार कुठून आणणार?"

हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण भाऊजींना इंग्रजी येत होतं. दोन हजार सालच्या सुमाराला आमच्याकडे इंग्रजीचं वेड फार वाढलं होतं, आणि वाडीतली चार मुलं त्यांनी ओटीवर फुकट शिकवायला घेतली. त्यांत आमची नंदा होती, दहावीची. मी स्वयंपाकघरात, मधे एक भिंत. माझी शाळा चौथीत सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे होती. तरी भाऊजींचं इंग्रजी मला पाठ झालं, कारण ते एकच होतं. हॅव बीन. पुस्तकात पुष्कळ धडे होते म्हणतात, पण भाऊजी त्या दोन शब्दांवर बसले ते उठलेच नाहीत. "हॅव बीन टू म्हणजे नुसतं जाणं नव्हे," ते सांगत. "जायचं, परत यायचं आणि पायरीवर पाय धुवायचे. मग म्हणायचं, आय हॅव बीन टू पावस. जो गेला आणि आलाच नाही त्याला हे वाक्य मिळत नाही. त्याला हॅज गॉन." त्या हिशेबानं मुंबईला गेलेली निम्मी वाडी त्यांनी हॅज गॉनमध्ये टाकली होती. गणपतीला ही माणसं आली की भाऊजी त्यांच्याकडे बघून मान हलवत. त्यांना कोणत्या वाक्यात बसवावं, हे त्यांचं ठरत नसे.

आणखी एक प्रकार होता, कधीपासून काय चाललं आहे ते सांगायचा. तो त्यांनी मुलांना प्रत्यक्ष दाखवला. चौघांना घेऊन विजेच्या कचेरीत गेले, रांगेत उभे राहिले, आणि नंबर आल्यावर खिडकीतल्या कारकुनाला घड्याळ दाखवून म्हणाले, "आय हॅव बीन स्टँडिंग हिअर सिन्स टेन पास्ट टेन." कारकून बिचारा म्हणाला, "मग बसायचं ना काका, बाक रिकामंच आहे." रांग हसली. भाऊजी मुलांकडे वळून म्हणाले, "वाक्य बरोबर होतं. लिहून घ्या."

लिहून घ्यायची त्यांची तऱ्हा निराळी होती. 'वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न असला की शहाणी मास्तर मंडळी मुलांना पाच वाक्यं पाठ करून देतात. भाऊजींचा दंडक असा, की वाक्य व्याकरणात बरोबर असून भागत नाही, ते घडलेलं पाहिजे. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे वाक्य, उजवीकडे साक्षीदाराची सही. नंदानं एकदा भाबडेपणानं लिहिलं, आय हॅव बीन टू दिल्ली. भाऊजींनी चष्मा काढला. "कधी गेली होतीस?"

"पुस्तकात तसंच आहे, मोठे काका."

"पुस्तक गेलं असेल. तू विहिरीपर्यंत गेलीस. विहीर लिही."

तेव्हा तिनं विहीर लिहिली, आणि सहीला वही माझ्या पुढ्यात घेऊन आली. पण विहीर, देऊळ, बाजार आणि आजोळ एवढं लिहून झाल्यावर मुलांची वाक्यं संपली. बिचारी गेली होती कुठं! मग भाऊजींनी स्वतःच्या पेन्शनीतून एस्टीची तिकिटं काढून पोरांना वाक्यं मिळवून द्यायला सुरुवात केली. एका रविवारी पावस. एका शनिवार-रविवारी केळशी, कारण तिथं त्यांची मावसबहीण होती आणि जेवणा-मुक्कामाची सोय होत होती. येताना बुरोंडीला उतरवून मुलांना होड्या दाखवल्या, म्हणजे एका फेरीत दोन वाक्यं. पोरं जत्रेला निघाल्यासारखी खूश. संध्याकाळी थकून यायची, पायरीवर पाय धुवायची आणि एक वाक्य लिहून झोपायची. दिवाळीपर्यंत नंदाच्या वहीत मोजून एकतीस खरी वाक्यं होती आणि पुस्तक नव्यासारखं कोरं होतं. मला काळजी वाटायची, पण मी कोण बोलणारी? इंग्रजीतलं मला काय कळतं?

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. निकालाच्या दिवशी नंदा आली ती सरळ चुलीपाशी येऊन बसली. इंग्रजीत एकोणतीस. पासाला पस्तीस लागत. मी विचारलं, पेपर अवघड होता काय गो? तर म्हणाली, "नाही. दोन प्रश्न सोडले. थंड हवेच्या ठिकाणी सहलीला गेली होतीस असं समजून मैत्रिणीला पत्र लिही, असं होतं. आणि विमानाच्या प्रवासावर निबंध. मी कुठं गेले होते, आई?"

मला हसावं की तिच्या थोबाडीत द्यावी कळेना. पंधरा मार्कांची दोन कोरी पानं पोरगी खरेपणानं ठेवून आली होती! अख्ख्या महाराष्ट्रात असं दुसरं मूल निघालं नसेल. आणि ह्यांनी तर आधीच सांगून ठेवलेलं, बोर्डाची फी भरायची ती पास होणाऱ्या पोरीची. पूर्वपरीक्षेत नापास झाली तर घरी बसवीन, भाकऱ्या करायला इंग्रजी लागत नाही. हे वाईट नव्हते. बर्फाच्या कारखान्यात उभं राहून पाय सुजलेला माणूस, एका शब्दाचा.

आमच्या घरी थोरल्या दिराशी समोर होऊन बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर मधे मूल घ्यायचं, मूल नसलं तर खांबाला सांगायचं. भाऊजीही खांबाला उत्तर देत. त्या दिवशी मी दाराआड उभी राहिले आणि खांबाला म्हटलं, "म्हणावं, पोरीला आता थोडं खोटं लिहायला शिकवा."

मग भाऊजी खांबाला म्हणाले, "असं समजून म्हणजे काय? समजून कुणी साक्ष देतं? मी ह्या हातानं खोटं शिकवणार नाही. त्यांना सांग."

"म्हणावं, तुमचा हात स्वच्छ राहील," मी म्हटलं, "आणि माझ्या पोरीचे हात पिठात राहतील. माझे आहेत तसे."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. जाऊबाई माजघरातून बघत राहिल्या. भाऊजी उठून आगरात गेले आणि पाणी घालून झालेल्या माडांना पुन्हा पाणी घालत बसले.

शाळेच्या कागदांवर सही घरातला मोठा म्हणून भाऊजींचीच असे, त्यामुळे गुणपत्रक त्यांच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ह्यांनी विचारलं, "दादा, नंदाचं इंग्रजीचं काय झालं?"

मी चहाचं भांडं घेऊन दारातच थांबले. भाऊजींनी कप खाली ठेवला. धोतराच्या टोकानं चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, परत काढला.

"पास आहे," ते म्हणाले.

"झाली ना? बरं झालं." ह्यांनी किती ते विचारलं नाही, कागद मागितला नाही. फीचे पैसे खिशातून काढून तिथंच ठेवले आणि कामावर गेले. भाऊजी खोटं बोलतील हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यांच्या खरेपणाचा आम्हांला जन्मभर जाच झाला. उपयोग झाला तो एकदाच, ते खोटं बोलले त्या दिवशी.

भाऊजींनी चहा तसाच ठेवला. त्या दुपारपासून त्यांनी नंदाला पत्रं शिकवायला घेतली. स्वतः ते कोल्हापूरच्या वर कधी गेले नव्हते. त्यांच्या थंड हवेच्या ठिकाणी घोडे होते, धुकं होतं, आणि थंडी म्हणून लोक भर दुपारी तिथं कुळथाचं पिठलं खात. विमानात त्यांनी कंडक्टर घातला होता. नंदा हसायची, तर म्हणायचे, "हसू नको. लिही. थांबलो की मला पुढचं सुचत नाही." खोटं बोलायला बसलेला तो माणूस नदीत पहिल्यांदा उतरलेल्या पोरासारखा दिसायचा.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत त्रेचाळीस. पेढे वाटून झाल्यावर भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. खांबाकडे बघितलं नाही, पोरीला पुढं केलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "अकरावीला कुठं घालायची हिला? तुझं काय म्हणणं?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "शिकेल तितकी शिकू दे."

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

नंदा पुढं नर्स झाली. भाऊजी शेवटी दोन महिने अंथरुणावर होते. जाऊबाई थकल्या म्हणजे दुपारी मी त्यांच्याजवळ बसायची. सांगायचं पुष्कळ होतं. त्या चहाच्या दिवसाबद्दल तर रोज सांगायचं मनात यायचं. पण मी म्हणायची, "पाणी देऊ का?" आणि ते म्हणायचे, "दे." मग मी भांडं त्यांच्या ओठांशी धरायची, आणि आम्ही दोघं आगराकडे बघत बसायचो.