ट्रकचा प्लग काढला तेव्हा

होक्काइदोतल्या एका शेतकरी आजोबांच्या गोठ्यासाठी आमच्या कंपनीने यंत्र बनवलं होतं. उद्घाटन अर्थातच गोठ्यात नव्हतं. गावच्या सभागृहात होतं, कारण तिथे व्यासपीठ होतं. तिथे न्यायला यंत्र आदल्या दिवशीच आजोबांच्या अंगणात त्यांच्या डिझेल ट्रकवर चढवलं. संध्याकाळी पाहिलं, तर उभ्या ट्रकमधून एक वायर भिंतीतल्या प्लगला गेलेली. गरज नसताना चालू असलेलं काहीही बंद करायचं, हे माझं पुण्यातलं वळण. मी प्लग काढला.

तो इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा होता. सकाळी उणे वीस अंशांत ट्रक नुसता कण्हला. मी गुन्हा कबूल केला.

"भारतात ट्रकला थंडी वाजत नाही वाटतं!" आजोबांची बायको, म्हणजे आजी, हसत म्हणाल्या. आजोबांनी हीटर पुन्हा लावला. "आता तीन तास."

तेवढा वेळ कोणालाच नव्हता. शेवटी सभागृहातले पाहुणेच आजोबांच्या अंगणात ट्रकपाशी आले. मुख्य पाहुण्यांनी भाषणाचा जाडजूड कागद काढला, पण हातमोज्यांतून पान उलटेना. "अभिनंदन!" एवढंच म्हणून त्यांनी फीत कापली. आजोबांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना गरम दूध प्यायला आत नेलं.